टियागो ईव्ही रोज चालवून: गाडी चांगलीच आहे, पण आधी पार्किंग बघा

टाटाची टियागो ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक टियागो, घेऊ का असं ऑफिसात, नात्यात सगळेच विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आमची २४ किलोवॅट-अवरच्या बॅटरीवाली आहे आणि पुण्यात रोज धायरी ते हिंजवडी जाऊन येऊन करते.

शहरात चालवायला एक नंबर गाडी, अगदी मनापासून सांगते. वारजे, चांदणी चौक, भूमकर चौक इथल्या ट्रॅफिकमध्ये क्लच-गिअरची कटकटच नाही. रीजेन (गाडी हळू होताना वीज परत बॅटरीत भरणारी सोय) तीनवर ठेवलं की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी गाडी आपसूक हळू होते आणि बॅटरीत थोडी भर पण पडते, ब्रेक फारसा लागतच नाही. २०२२ मध्ये गाडी आली तेव्हा एका चार्जवर कंपनीचा सर्टिफाइड आकडा ३१५ किमी होता, पण तो टेस्टचा, एसी लावून रोजच्या रस्त्यावर १८०-१९० धरून चाला. ऑफिसच्या जाण्यायेण्याला तेवढं भरपूर होतं, तिसऱ्या दिवशी रात्री लावायची आणि सकाळी फुल. खर्च घरी चार्ज केलं तर किमीला दीड-दोन रुपये, आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला सात-आठ लागायचे.

पण हे सगळं घरी चार्जिंग असेल तर. माझ्या मते ही गाडी घ्यायची का नाही हे शोरूममध्ये नाही, तुमच्या पार्किंगमध्ये ठरतं. स्वतःचा बंगला असेल किंवा ठरलेलं पार्किंग असेल आणि तिथपर्यंत मीटरवरून वायर आणता येत असेल तर डोळे झाकून घ्या. आमच्या सोसायटीत एनओसीसाठी मीटिंगवर मीटिंग झाल्या, आग लागेल, लोड वाढेल, कॉमन बिल कोण भरणार असे सगळे प्रश्न, शेवटी वेगळं मीटर घेऊन वायरिंग स्वखर्चाने करते म्हटल्यावर सही मिळाली. वेगळं मीटर घ्याच, महावितरणचा ईव्ही चार्जिंगला वेगळा दर आहे, घरच्या मीटरवर लावलं तर युनिटं वाढून वरच्या स्लॅबचं बिल येतं. आणि रस्त्यावर गाडी लावत असाल तर कृपा करून घेऊ नका, रोज पब्लिक चार्जरवर जाऊन बसणं कामावरच्या माणसाला जमत नाही आणि तिथे युनिटचा रेटही घरच्यापेक्षा बराच जास्त असतो.

गावाला जायचं तर वेगळा विचार करावा लागतो. साताऱ्याला एका चार्जवर आरामात पोचतो, खंबाटकी चढताना टक्के भराभर उतरतात तेवढंच, पण त्याच चार्जवर परत येणं होत नाही. सासरी पोर्चमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट होता, पहिल्यांदा लावलं तर चार्जरवर लाल लाईट, चार्जिंग सुरूच होईना. वायरमन आला, त्याने बघितलं तर जुन्या घराला अर्थिंगच नीट नव्हतं. मग अंगणात खड्डा काढून कोळसा-मीठ घालून नवीन अर्थिंग केलं तेव्हा हिरवी लाईट लागली. जुन्या घरात चार्ज करणार असाल तर जाण्याआधीच अर्थिंग चेक करून घ्या, नाहीतर रात्री अडकाल. हायवेला फास्ट चार्जर आहेत, बॅटरी बरीचशी भरायला साधारण तास लागतो, पण अ‍ॅपवर चालू दिसतो आणि प्रत्यक्षात बंद असं आमच्या बाबतीत झालंय, म्हणून २५-३० टक्के हाताशी ठेवूनच पुढचा चार्जर गाठते.

टोलचं पण सांगते, ऑगस्ट २०२५ पासून राज्य सरकारने मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी जाहीर केली. मुंबईला नेहमी जाणाऱ्यांनी हे हिशोबात धरा, सातारा रोडवर मात्र त्याचा उपयोग नाही.

डिकी लहान आहे, २४० लिटर, त्यात चार्जरची बॅग ठेवली की चौघांचं सामान बसवताना कसरत होते. १९.२ किलोवॅट-अवरच्या बॅटरीवाली स्वस्त पडते पण ती फक्त गावातल्या गावात फिरायला, वर्षातून दोनदा जरी गावी जायचं असेल तरी २४ वालीच घ्या. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी वॉरंटी आहे, त्याच्या अटी बुकिंगआधी कागदावर वाचून घ्या.