घारापुरीत जेवायचं तर लेणी चढण्याआधी ऑर्डर द्या

लेण्यांच्या पायऱ्या उतरल्यावर समोर दिसेल त्या हॉटेलात शिरलं, की घारापुरी, म्हणजे एलिफंटा बेटावरचं जेवण हमखास फसतं. दुपारी एक ते अडीच मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून लाँचमधून आलेली सगळी गर्दी तिथेच असते. गर्दी आवरायला मासे आधीच तळून ठेवलेले, भाकऱ्या थापून वाळलेल्या. म्हणून अकरा-साडेअकराला, वर जाण्याआधी, पायथ्याशी जेवण सांगून ठेवा. माणसं किती, मासा कुठला, बसणार किती वाजता, तिन्ही गोष्टी स्पष्ट सांगा. मासा आधी बघून घ्या आणि तो तुम्ही टेकल्यावरच तव्यावर टाकायला सांगा. लेणी नीट बघायला दीड-दोन तास लागतात, स्वयंपाकाला तेवढा वेळ भरपूर.

मेनूकार्डावर सुरमई, पापलेट ठळक असतात, पण बेताच्या खर्चात जेवणाऱ्याने ते सोडून द्यावेत. त्यात पैसे जातात, आणि चव उलवे-बेलापूरच्या आगरी खानावळीत मिळते तेवढीच. इथे मागवायचे ते बोंबील, मांदेली, कोलंबी. ओल्या बोंबलात पाणी फार. उभा चिरून, काटा काढून, फळीखाली वजन ठेवून ते निथळावं लागतं. ही पायरी गाळली की वरचं तांदळाचं पीठ तेलातच सुटतं आणि ताटात लगदा येतो. असा बोंबील आला तर खुशाल परत करा. कोलंबी बघताना डोक्याकडे लक्ष द्या. ते काळं पडून सैल झालं असेल तर कोलंबी शिळी. अशा वेळी रस्सा कितीही झणझणीत असो, नको म्हणा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या काळात मिळणारी सुरमई बर्फातलीच. तेव्हा सुकट, जवळा, सुके बोंबील घालून केलेलं कालवण आणि तांदळाची भाकरी हे जास्त प्रामाणिक जेवण. खाडीतल्या चिंबोऱ्या मिळाल्या तर सोडू नका. मात्र वजन करून, दर ठरवूनच घ्या.

शाकाहारी थाळीने पोट भरतं, एवढंच. डाळ, बटाटा, पोळी. पनीरच्या भानगडीत पडू नये. त्यापेक्षा गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा होईल का विचारा.

दर शहरापेक्षा चढे वाटतात, पण त्यामागे कारण आहे. सिलिंडर, पीठ, भाजी, बाटलीबंद पाणी, सगळं बोटीतून येतं आणि पुढे डोक्यावरून वर जातं. बेटावर कायमची वीज आली तीच मुळी फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या केबलने. तोवर फ्रीजचा भरवसा नव्हता. पाण्याची बाटली धक्क्याजवळच घ्या, वर नको.

सुमारे १२० पायऱ्यांच्या दोन्ही कडांना कैरी, काकडी, पेरू, चिंचा घेऊन बायका बसतात. तिखटमीठ लावलेली काकडी हा या बेटावरचा सगळ्यात स्वस्त आणि उन्हात सगळ्यात उपयोगी खाऊ, पण तिथेच उभं राहून संपवा. माकडं हातातलं कणीस, वेफर्सचं पाकीट, रंगीत सरबताची बाटली नेमकी हेरतात. घरचा डबा आणला असेल तर तो लेण्यांच्या आवारात उघडू नका, पायथ्याशी हॉटेलवाल्याला विचारून चहाच्या ऑर्डरवर तिथे बसा. बहुतेक जण हो म्हणतात.

सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी जेवणाच्या आशेने येऊ नये. नवी मुंबईतून येणाऱ्यांना लोकलने उरण आणि तिथून रिक्षाने मोरा बंदर हा रस्ता गेटवेपेक्षा जवळचा. पण मोऱ्याला गाळ फार, ओहोटीत बोट लागत नाही. भरतीची वेळ आणि परतीची बोट धक्क्यावर विचारून घ्या, मगच जेवणाची वेळ सांगा.