डिसेंबरातलं साहस-नेतृत्व शिबिर, नऊ महिन्यांनंतर

शिबिराहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक झालं असतं. तेव्हा अंगात वारं भरलं होतं. आता सप्टेंबर आहे. मधल्या काळात कॉलेजच्या गिरिभ्रमण गटाचे सात ट्रेक मी पुढे राहून किंवा मागे राहून केले, त्यामुळे त्या नऊ दिवसांतलं काय टिकलं आणि काय उडून गेलं हे थोडं नीट सांगता येईल. संस्थेचं नाव लिहीत नाही. अशी शिबिरं बऱ्याच जणांची असतात आणि मला जे सांगायचंय ते बहुतेकांना लागू पडावं.

जागा अकोले तालुक्यातली. रतनवाडीला तळ, तिथून रतनगड, साम्रदजवळच्या कातळावर रॅपलिंग (दोराच्या आधाराने कडा उतरणं), मग कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. आम्ही चौतीस विद्यार्थी, प्रशिक्षक पाच. खर्च साडेअकरा हजार, त्यात प्रवास धरलेला नव्हता. मी दुसऱ्या वर्षाला होते आणि त्याआधी चार-पाच गड कुणाच्या तरी मागून चढले होते.

ज्या एका दिवसासाठी मी या शिबिराची शिफारस करते, तो कात्राबाईचा दिवस. अकरा-अकरा जणांचे गट केले होते (एकात बारा) आणि रोज वेगळा लीडर. त्या दिवशी आमच्या गटाची लीडर मी. वाटाड्या मामा सोबत होते, पण निर्णय माझे, असं आदल्या रात्री ठरलं होतं. मी पहाटे उठून नकाशा पाठ केला, पाण्याच्या जागा लिहून घेतल्या, आणि चालायला लागल्यावर सगळं लक्ष पुढच्या वाटेवर लावलं. खिंडीच्या आधीचं रान दाट आहे, ढोरवाटा फुटतात, त्यामुळे वाट चुकायची नाही एवढंच डोक्यात. खिंडीत पोचलो तेव्हा ठरवलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधीच होतो. मागे रतनगड आणि त्याचा खुट्टा नावाचा सुळका, पुढे आजोबाचा डोंगर. मला फार भारी वाटत होतं.

डोकी मोजली तर नऊ.

दोघी मागे होत्या. एकीच्या टाचेला मोठा फोड आला होता आणि तिने सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. दुसरी तिच्यासाठी थांबली होती. आमचे प्रशिक्षक दादा पहिल्यापासून त्या दोघींच्या थोडं मागे, झाडीतून चालत होते, म्हणून धोका काही नव्हता. पण मला ते माहीत नव्हतं. ती पंचवीस मिनिटं मी खिंडीत उभी राहून कशी काढली ते अजून आठवतं. दोघी आल्यावर दादा रागावले नाहीत. रात्री शेकोटीपाशी त्यांनी एकच विचारलं, "सकाळपासून मागे किती वेळा वळून पाहिलंस?" मी आठवून पाहिलं. एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी पाचनईच्या वाटेवर त्यांनी मला सगळ्यात शेवटी चालायला लावलं. शेवटून गट वेगळाच दिसतो. कोण पाणी पीत नाही, कुणाची बॅग एका खांद्यावर कलली आहे, कोण बोलायचा थांबला आहे, हे पुढून कधीच कळत नाही. तेव्हापासून नवीन मुलं असतील तर मी पुढे अनुभवी जोडीदार देते आणि स्वतः शेवटी राहते. वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा, आणि त्याला पुढून दुसरा किंवा तिसरा ठेवायचा, शेवटी नाही. एवढ्या एका गोष्टीने आमचे ट्रेक बदलले. पूर्वी सुट्या मातीच्या घसाऱ्यावर रांग तुटायची, आता तुटत नाही.

वेळेचा हिशोबही तिथेच शिकले. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला आडाखा आहे: सपाटीला पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. शिबिरात तो पाठ करून घेतला. माझा अनुभव असा की आपल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना, मार्च-एप्रिलच्या उन्हात, तो पुरत नाही. मी सरळ दीडपट धरते. पण आडाखा हाताशी असल्यामुळे 'परत फिरायची वेळ' निघताना ठरवता येते आणि ती सगळ्यांना आधीच सांगता येते.

परत फिरायचं ठरवण्याची ही सवय जुलैमध्ये उपयोगी पडली. कॉलेजच्या एकवीस जणांना घेऊन पाचनईहून हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. पावसाळ्यात या वाटेवर, कड्याखालून गेल्यावर, मंगळगंगेचा ओढा ओलांडावा लागतो. पाणी घोट्याच्या वर होतं, ओलांडता आलं असतं. शिबिरात एका संध्याकाळी आमच्या प्रशिक्षक ताईंनी दाखवलेली युक्ती आठवली: काठाला, अगदी पाण्याच्या रेषेवर, एक दगड ठेवायचा आणि पंधरा मिनिटं बसायचं. बसलो. दगड बुडाला. पाण्याचा रंग गढूळ झाला होता आणि तळाचे गोटे एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. वर माथ्यावर पाऊस कोसळत असणार. जाताना ओलांडू, पण येताना काय? मी परत फिरायचं सांगितलं. मुलं नाराज झाली, दोघं-तिघं दिवसभर बोलले नाहीत. गावात मावशींकडे पिठलं-भाकरी खाऊन आम्ही चारच्या आत निघालो. त्या दिवशी पुढे ओढ्याचं काय झालं ते मला कळलं नाही आणि त्यावर माझा निर्णय बरोबर की चूक हे ठरतही नाही. मला त्या वेळी दिसत होतं त्यावरून तो घेतला होता.

रॅपलिंग हा भाग जाहिरातीत सगळ्यात मोठा होता आणि मला सगळ्यात कमी मिळालं. एक दोर, चौतीस माणसं. माझा नंबर यायला चार तास लागले आणि उतरायला तीन-चार मिनिटं. तरी त्यातली एक सवय पक्की झाली: हार्नेसचं (कमरेला बांधायच्या पट्ट्यांचं) बकल परत फिरवून ओवलंय का, कॅराबिनरचा (दोर जोडायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू बंद आहे का, केस आणि ओढणी आत बांधलीय का, हे आधी स्वतः पाहायचं आणि मग दुसऱ्याकडून बघून घ्यायचं. मोकळे केस डिसेंडरमध्ये (दोर ज्यातून सरकतो त्या साधनात) अडकले की माणूस मध्येच लटकतो. खालून बिले द्यायलाही, म्हणजे उतरणाऱ्याचा दोर सांभाळायलाही, मला दोनदा मिळालं. दोर ताणला की वरचा माणूस थांबतो, हे आपल्या हाताला कळणं फार मोलाचं आहे.

प्रथमोपचाराचं सत्र एका डॉक्टरांनी घेतलं, ते उत्तम. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही आणि माणसाला चालू न देता लवकरात लवकर दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी लस एकच असल्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवायचा नाही. आग्यामोहोळाबद्दलही बरंच सांगितलं. अत्तर, धूर, आरडाओरडा नको, आणि माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही. मार्चमध्ये एका गडाच्या दरवाजावर तीन पोळी दिसली तेव्हा सगळ्यांना गप्प करून पाच-पाचच्या गटाने पुढे काढलं.

आता खटकलेलं. रोज रात्री तासभर 'नेतृत्वगुण' या विषयावर पडद्यावर चित्रं दाखवून भाषण व्हायचं. दिवसभर चालून आलेल्या मुलांपुढे ते वाया गेलं. मला त्यातलं एक वाक्य आठवत नाही. त्याऐवजी शेकोटीपाशी दिवसाची उजळणी अर्धा तास जास्त चालली असती तर बरं. शेवटच्या दिवशी गुण सर्वांसमोर वाचून दाखवले. फोड आलेल्या मुलीसाठी जी थांबली, तिला सगळ्यांत कमी, कारण ती बोलायची कमी. ते मला तेव्हाही पटलं नाही आणि आज तर अजिबात पटत नाही. आमच्या गटात त्या दिवशी लीडरचं काम तिनेच केलं होतं.

मुलींसाठी एक. पाळी, शौचाला जाण्याची सोय, पॅड परत आणायची पिशवी, यातलं काहीही आधी पाठवलेल्या यादीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, पण तोवर तिघींची पंचाईत झाली होती. आता आमच्या कॉलेजच्या यादीत हे पहिल्या पाचांत असतं, आणि यादी मुलांनाही जाते.

जायचं असेल तर पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: एका प्रशिक्षकामागे किती मुलं, आणि प्रत्येकाला पूर्ण एक दिवस गट चालवायला मिळतो का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर ती सहल आहे. चांगली असेल, पण एवढ्या पैशांची नाही.

या डिसेंबरात त्याच शिबिराला मदतनीस म्हणून मला बोलावलंय. मी हो म्हटलंय, आणि सोबत लिहून दिलंय की बॅच चोवीसची करावी, दोन दोर लावावेत आणि गुण वाचून दाखवू नयेत. दोर दोन लागतील असा निरोप आलाय. बाकीच्या दोन गोष्टींसाठी पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटायला जाणार आहे.