चप्पल गळून पडायची : आईच्या पायाची तपासणी आणि फिजिओथेरपीचा अनुभव

डिसेंबरात उन्हाळ कांद्याची लागवड उरकली आणि आईच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता गळून पडायला लागली. पंजा वर उचललाच जाईना. फरशीवर फट्‌फट् आवाज यायचा. आधी नेलं त्या दवाखान्यात पायाला हातही न लावता अशक्तपणा ठरवून ताकदीची इंजेक्शनं दिली. पंधरा दिवस वाया गेले, त्याचा राग अजून आहे.

मग स्टँडजवळच्या या क्लिनिकमध्ये आलो. इथल्या ताईंनी आईला टेबलाच्या कडेवर पाय लोंबते सोडून बसवलं. "मावशी, पाऊल वर आणि आत ओढा. बोटं मात्र सैल." बोटं सैल अशासाठी, की अंगठा उचलणारा स्नायू मदतीला धावला तर नेमकं दुबळं कोण ते कळत नाही. डाव्या घोट्यापुढे आतल्या अंगाला स्नायूची दोरी टरारून वर आली. ताईंनी पाऊल खाली-बाहेर रेटलं, हललं नाही. ताकदीला पाचपैकी पाच गुण. उजवीकडे दोरी दिसेचना. कुशीवर निजवून पाय टेबलावर टेकवला, तेव्हा कुठे पाऊल सरकलं. दोन.

स्नायूचं नाव टिबिआलिस अँटेरिअर. माझं बोट नडगीच्या बाहेरच्या कडेला ठेवून त्यांनी तो दाखवला. तिथून तो घोट्यावरून तिरपा आत येतो आणि अंगठ्याच्या रेषेत, तळव्याच्या आतल्या कडेच्या हाडांना जोडला जातो.

मला सगळ्यात पटलं ते पुढचं. पाऊल बाहेर वळवायचा जोरही कमी होता, पण पंजा खाली ठेवून आत वळवायचा जोर पुरेपूर. या स्नायूंना चालवणारी नस कमरेत दबली असती तर बहुधा तोही गेला असता. म्हणजे दुखणं गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे नस हाडाला अगदी वरवर वळसा घालते. दिवसदिवस उकिडवं बसून रोपं लावताना ती तिथेच दबते. नर्व्ह कंडक्शनच्या, म्हणजे नसेतून संदेश नीट जातो का ते बघणाऱ्या तपासणीतही तेच निघालं.

पंजाला आधार देणारा स्प्लिंट आणि रोजचा व्यायाम, तीन महिने झाले. आता उजवा पाय चारवर आहे. एका वेळचे तीनशे रुपये, मला जास्त वाटले नाहीत. क्लिनिक मात्र पहिल्या मजल्यावर, आणि जिन्याला कठडा नाही. पाय ओढत येणाऱ्या माणसांसाठी तो आधी बसवा, ताई. आई पहिले आठ दिवस माझ्या खांद्यावर भार टाकून चढली.