पहाटेचा रियाज, छोटा अॅम्प आणि प्लेअरमधला तंबोरा: आठ महिन्यांनंतर

सहा पेन्सिल सेलवर चालणारा, तीन इंची स्पीकरचा हा छोटा अॅम्प (वाद्याचा आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर) मी आठ महिने रोज पहाटे वापरतो आहे. माझे वाद्य हवाईयन गिटार. तंबोरा जुन्या एमपीथ्री प्लेअरमधून साडेतीन मिलिमीटरच्या वायरने अॅम्पच्या ऑक्सला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या सॉकेटला, जोडलेला असतो.

पहिला आठवडा तंबोरा दबावा म्हणून मी अॅम्पची बटणे फिरवत राहिलो आणि प्रत्येक वेळी गिटारच दबली. या अॅम्पमध्ये ऑक्सचा आवाज गेन, ट्रेबल, बास यांना न शिवता पुढे जातो, त्यामुळे तंबोऱ्याचा तोल प्लेअरवरच साधावा लागतो. माझ्याकडे तो ३० पैकी १८ वर स्थिरावला.

खर्जाबद्दल मात्र मनात चुकचुक होती. माझा षड्ज (सा) पेटीच्या काळी एकचा, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्‌झ, आणि त्याखालचा खर्ज ६९च्या आसपास. एवढ्या लहान स्पीकरकडून तो मूळ स्वर निघणे जवळजवळ अशक्यच. तरीही खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण जवारीतून, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारातून, उठणारे वरचे स्वर शाबूत असतात आणि त्यांवरून कान तळ भरून काढतो. बासचे बटण वाढवून उपयोग नाही. एक तर ते तंबोऱ्याला लागू नाही, आणि गिटार उगाच घुमू लागते.

खरा त्रास दिला तो पाच मिनिटांच्या फाइलने. एमपीथ्री करताना फाइलच्या दोन्ही टोकांना कणभर शांतता भरली जाते, म्हणून ती पुन्हा सुरू होताना तंबोरा क्षणभर तुटतो, आणि तो (माझ्या नशिबाने) नेमका गंधारावरून पंचमाकडे मींड (स्वरावरून स्वरावर अखंड घसरत जाणे) नेताना तुटत असे. शेवटी एक तासाची मोनो वेव्ह फाइल करून घेतली, जिच्यात अशी शांतता भरली जात नाही. तिला ३०० एमबीच्या वर जागा लागते, पण अॅम्पचा स्पीकर एकच असल्याने स्टिरिओचा मोह धरण्यात अर्थ नव्हता.

सेलच्या बाबतीत काटकसर अंगाशी आली. साधे अल्कलाइन सेल मिळून नऊ व्होल्ट देतात, चार्ज होणारे ७.२च, त्यांवर जोरकस आघात केला की स्वर लवकर फाटतो. अॅडॉप्टर लावून प्लेअरही त्याच बोर्डावर चार्जिंगला ठेवला, तर बारीक गुणगुण सुरू होते, म्हणून प्लेअर रात्रीच चार्ज करतो.

सहाव्या महिन्यात ऑक्सचा सॉकेट सैल होऊन तंबोरा येईनासा झाला. दुकानदाराने वायरचा दोष म्हणून हात झटकले; कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवले, तर सॉकेटचा एक पाय सोल्डरमधून सुटलेला होता. सरळ पिनेची वायर टेबलाच्या कडेला दाबली जात होती, हे तेव्हा लक्षात आले. आता काटकोनी पिनेची वायर आहे, आणि हेडफोन लावून बसलो की शेजारच्या फ्लॅटमधल्या काकांची झोपमोड होत नाही.