रास्पबेरी पाय इमेजर, डीडी आणि मायक्रोएसडी कार्ड: आठ महिने वापरल्यावर

आठ महिने, रास्पबेरी पायचे तीन बोर्ड, म्हणजे छोटे संगणक (झीरो २ डब्ल्यू, ३बी आणि ४), सहा कार्डं, दोन रीडर. इमेज (ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ओएस, कार्डावर जशीच्या तशी उतरवायची फाइल) चढवायला कधी रास्पबेरी पायचं इमेजर हे ॲप वापरलं, कधी लिनक्सवरचं डीडी (बाइट न् बाइट कॉपी करणारी कमांड). निकाल आधीच सांगून टाकतो: रोजच्या कामाला इमेजर. तो दिसायला छान आहे म्हणून नव्हे, तर लिहून झाल्यावर कार्ड परत वाचून ताडून बघतो म्हणून.

वापर सोपा आहे. बोर्ड, ओएस, कार्ड निवडा आणि लिहा. एक्सझेड (दाबून लहान केलेली) फाइल तो स्वतःच उलगडतो. कार्ड आधी फॉरमॅट करायची गरज नाही, कारण पार्टिशन टेबलसकट (कार्डाचे भाग कुठे आहेत त्या यादीसकट) सगळं इमेजमध्येच असतं आणि जुनं काय होतं ते पुसलं जातं. ‘६४ जीबीचं कार्ड एक्सफॅटवरून फॅट३२ करून घ्या’ हा सल्ला नूब्ज या जुन्या इन्स्टॉलरच्या काळातला आहे. तेव्हा फाइली नुसत्या कॉपी करायच्या असत, आणि पायचा बूटलोडर (चालू होताना कार्ड वाचणारा प्रोग्रॅम) एक्सफॅट ही फाइलसिस्टिम वाचत नाही.

मॉनिटर न लावता बोर्ड चालवणार असाल तर सेटिंगचा टप्पा वगळू नका. एप्रिल २०२२ पासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये तयार ‘पाय’ युजर मिळत नाही. युजर, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत शिरायची सोय) इथेच भरलं नाही तर बोर्ड चालू होईल, पण आत शिरायला वाट नसेल. वायफायच्या नावात लहान-मोठी अक्षरं तंतोतंत हवीत, देशाचा कोड हवा. झीरो २ डब्ल्यू आणि ३बी यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडता येतं. ५ गिगाहर्ट्झचं नाव भरलंत तर इमेज कितीही नीट चढलेली असो, बोर्ड नेटवर्कवर दिसणार नाही. ‘कार्ड खराब निघालं’ म्हणून होणाऱ्या तक्रारींत हे प्रकरण बरंच असतं.

आता पडताळणी. पाच जीबीच्या इमेजला दोन-चार मिनिटं जास्त जातात आणि हात आपोआप ‘रद्द करा’कडे जातो. तेवढा आवरा. पडताळणी नापास झाली की लगेच दुसऱ्यांदा लिहून बघा. डीडीने लिहून सीएमपीने (दोन फाइली ताडणाऱ्या कमांडने) ताडलंत तर पहिला फरक कितव्या बाइटला आहे तेही कळतं. दर वेळी वेगळ्या जागी बिघडत असेल तर संशय रीडरवर किंवा त्याच्या जोडणीवर. रीडर आणि पोर्ट बदलून बघा. त्याच त्या जागी बिघडत असेल तर कार्ड गेलं. तिसरा प्रकार फसवा: लिहिणं शेवटपर्यंत सुरळीत होतं, कार्ड काढून परत घातलं की आतला जुनाच मजकूर जसाच्या तसा. काही कार्डं आयुष्य संपत आलं की स्वतःला कुलूप लावून घेतात, लिहिण्याला ‘हो’ म्हणतात आणि लिहीत काहीच नाहीत. अडॅप्टरच्या कडेची सरकपट्टी तपासा, पण ती सरकली असेल तर सहसा लिहितानाच एरर येते.

मात्र या पडताळणीला एक भोक आहे. ती इमेजपुरतीच असते. ६४ जीबी छापलेलं आणि आत खरी ८ जीबीच मेमरी असलेलं नकली कार्ड पाच जीबीच्या परीक्षेत आरामात पास होतं. पहिल्या बूटला रूट पार्टिशन (ओएस आणि फाइलींचा भाग) पूर्ण कार्डभर पसरतं, आणि काही आठवड्यांनी डेटा ८ जीबीच्या पुढे गेला की फाइलसिस्टिम कोसळते. म्हणून नवं कार्ड आधी एफ३राइटने पूर्ण भरायचं आणि एफ३रीडने वाचायचं (विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू). मोठ्या कार्डाला तास-दोन तास लागतात, लागू देत.

डीडी वेगवान नाही, पण स्क्रिप्टमध्ये बसतं. कार्ड घालण्याआधी आणि नंतर एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवा. जे नव्याने दिसलं तेच कार्ड. आपोआप माउंट झालेली (वापरासाठी उघडली गेलेली) पार्टिशनं अनमाउंट करा. लक्ष्य अख्खं डिव्हाइस, उदाहरणार्थ एसडीबी. एसडीबी१ दिलंत तर पार्टिशनच्या पोटात अख्खी डिस्क जाऊन बसते आणि बोर्ड बूट होत नाही. एक्सझेड फाइल न उलगडता दिली तरी डीडी ती मुकाट्याने लिहितं. ब्लॉक ४ एमबीचा ठेवा आणि कॉन्व्ह=एफसिंक (डेटा खरोखर कार्डावर पोचेपर्यंत थांबायला लावणारा पर्याय) विसरू नका. तो नसला तर प्रगतीचा आकडा आधी भन्नाट पळतो, कारण डेटा रॅममध्ये साचत असतो. प्रॉम्प्ट आला म्हणून कार्ड उपसलं की अर्धी इमेज बाहेर.

सीएमपीने ताडताना इमेजच्या बाइटइतकीच मर्यादा द्या. वाचन कॅशमधून होऊ नये म्हणून कार्ड काढून परत घाला, पण त्याआधी ऑटोमाउंट बंद करा. नुसतं माउंट झाल्यानेही फाइलसिस्टिमच्या नोंदी बदलतात आणि चांगल्या कार्डावर फरक दिसतो.

विंडोजवर लिहून झाल्यावर ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं जातं. त्याला ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रद्द करा.

बूट होत नसेल तर पाय ४ चा हिरवा दिवा बघा: चार लुकलुक म्हणजे स्टार्ट फाइल सापडली नाही, सात म्हणजे कर्नल (ओएसचा गाभा) नाही. दोन्हींत कार्ड पुन्हा लिहिणं हाच पहिला उपाय. बूट होऊन मध्येच फाइली बिघडत असतील तर आधी वीज तपासा. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात; पायवरच्या व्हीसीजेनसीएमडी या कमांडच्या गेट_थ्रॉटल्डने शून्याऐवजी ०एक्स५०००० दाखवलं, तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलेलं आहे.

बॅकअपसाठी कार्डाची उलटी इमेज घेणार असाल तर पायश्रिंक (इमेजमधली रिकामी जागा कापणारी स्क्रिप्ट) वापराच. ३२ जीबी छापलेली दोन कार्डं सारखी नसतात, काही एमबींचा फरक असतो, आणि दुसरं कार्ड तेवढ्यानेच लहान निघालं तर लिहिणं शेवटच्या मिनिटाला ‘जागा नाही’ म्हणून थांबतं.