पणत्या, ठसे, वारली, कंदील की किल्ला? दिवाळीच्या सुट्टीत मुलांना काय द्यावं

सहामाही परीक्षा आटोपली की चकलीचा सोऱ्या आणि मुलांची सुट्टी एकाच वेळी बाहेर निघतात. मोठ्यांचे हात पिठात, मुलांचे रिकामे. त्यांना काहीतरी उद्योग द्यावा म्हणून आपण मोबाइल उघडतो, तर तिथे आरशांनी मढवलेल्या पणत्या आणि कारागिरानं बांधल्यासारखे कंदील. ते बघून हौसेनं सामान आणलं जातं, पोरगं दहा मिनिटांत कंटाळतं आणि उरलेलं काम आई रात्री अकरानंतर पुरं करते.

म्हणून ही सगळी तुलना मी एकाच प्रश्नावर केली आहे: यातलं किती काम मूल स्वतःच्या हातानं करणार? वय, जागा, पसारा हे मुद्दे त्याच्या मागोमाग येतातच.

पणत्या रंगवणं

बहुतेक घरांत निवड इथेच थांबते, आणि त्यात चूक काही नाही. पणत्या स्वस्त असतात, कोपऱ्यावरच्या हातगाडीवरही मिळतात, मुलाच्या मुठीत मावतात आणि एक बिघडली तर दुसरी हाताशी असते. पाच-सहा वर्षांपासून पुढे हे काम मूल जवळजवळ एकट्यानं करू शकतं. अट एकच, आधीची तयारी मोठ्यांनी केलेली हवी.

ती तयारी नेमकी टाळली जाते. कोरी पणती पाण्यात टाकली की बारीक बुडबुडे सुटत राहतात. भाजलेल्या मातीत इतकी हवा आणि इतकी छिद्रं असतात. ती छिद्रं रंगही तसाच पितात. थेट रंग दिला तर पहिला हात मातकट दिसतो आणि मूल म्हणतं, "हा रंग खराब आहे." पणत्या काही तास पाण्यात ठेवायच्या, धूळ काढायची आणि मग उन्हात पूर्ण वाळवायच्या. पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण, चांगलं ऊन असेल तरी दिवसभर. आत ओल राहिली तर वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात द्यायचा, आणि तो सुकला की पणत्या मुलांच्या ताब्यात द्यायच्या.

लहान मुलांना ब्रश देऊच नये असं माझं मत आहे. कान साफ करायची कापसाची काडी रंगात बुडवून ठिपके द्यायला सांगा. ठिपका चुकत नाही, त्याला रेषेसारखं वळण लागत नाही आणि दहा ठिपक्यांची ओळ झाली की पोराला आपण नक्षी केली असं वाटतं. पणती हातात धरून रंगवली की बोटांचे ठसे उमटतात. ती एखाद्या बाटलीवर पालथी घातली की हात मोकळे राहतात.

आता गैरसोयीची बाजू. रंगवलेली पणती तेल घालून लावायला तितकीशी चांगली नाही. तेल मातीतून झिरपतं आणि आतून रंग सैल करतं. शिवाय ज्योतीजवळ रंग, जरी, चिकटवलेल्या टिकल्या नकोतच. आतल्या बाजूला रंग द्यायचा नाही, आणि वात टेकते त्या चोचीभोवती बोटभर जागा कोरी सोडायची. त्यापेक्षा सोपं म्हणजे रंगवलेल्या पणतीत वाटीसकट मिळणारी छोटी मेणबत्ती ठेवायची आणि तेलाला साध्या पणत्या वापरायच्या. परदेशात पणत्या मिळत नसतील तर कुंडीखाली ठेवायच्या मातीच्या लहान बशा चालतात. त्याही तशाच रंग पितात, म्हणून तयारी तीच.

भाजीचे ठसे

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी याच्यापुढे मला दुसरं काही दिसत नाही. पणती फुटते, कंदील फाटतो, इथे मात्र बिघडण्यासारखं काही नाहीच.

जून झालेली भेंडी घ्या, जी भाजीत नाहीतरी कोणी खाणार नाही. देठाकडून दोन बोटं ठेवून आडवी कापली की टोपी आपसूक मूठ होते. रंग वाटीत ओतून भेंडी बुडवली तर नुसता गोळा उमटतो. त्याऐवजी ताटलीत ओला करून पिळलेला स्पंज ठेवायचा, त्यावर घट्टसर पोस्टर रंग पसरायचा आणि भेंडी त्यावर हलकी टेकवायची. कागदावर पाच पाकळ्यांचं फूल येतं, मधे बियांच्या जागा कोऱ्या. अर्ध्या ढोबळी मिरचीचा ठसा वेगळा, आडव्या कापलेल्या कांद्याची वलयं वेगळी. बटाट्यावर आकार कोरायचं काम मोठ्यांचं, आणि कापल्यावर तो कापडानं टिपायचा, नाहीतर त्याचं पाणी रंगात उतरतं. पिंपळाच्या पानाला मागच्या बाजूनं रंग लावून दाबलं तर शिरान् शिर उमटते.

तोटा एवढाच, की मूल मोठं असेल तर अर्ध्या तासात संपतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला नुसता कागद पुरत नाही, त्याला काहीतरी वापरात येणारी वस्तू हवी असते. मग भाऊबीजेची पाकिटं, फराळ द्यायच्या कागदी पिशव्या असं काम सोपवा. कापडी पिशवीवर कापडाचे रंग वापरले आणि सुकल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली तर ठसे धुण्यात टिकतात. ज्यांच्या घरात "अन्न वाया घालवू नका" म्हणणारी आजी आहे, त्यांनी जून भेंडी आधी तिला दाखवून घ्यावी.

वारली

"मला चित्र काढता येत नाही" असं म्हणणारं मूल घरात असेल, तर बाकी सगळं सोडून हे करा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की धड झालं, वर एक गोळा, चार काड्या, आणि माणूस उभा. एक पाय वाकवला की तोच माणूस नाचायला लागतो. आठ-नऊ वर्षांचं मूल पहिल्या बसण्यातच हे शिकतं. गोलात उभ्या माणसांची साखळी आणि मधे तारपा वाजवणारा, एवढं जमलं तरी कागद भरतो. तारपा म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं आणि बांबूचं फुंकून वाजवायचं वाद्य, हे सांगितलं की मुलं तो आकारही नीट बघून काढतात.

हे चित्र कुठून आलं, तेही सांगायला हवं. पालघर आणि ठाणे भागातल्या वारली घरांत, गेरूनं किंवा शेणानं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं ते काढलं जातं. लग्नाचा चौक बायका मांडतात. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणि कापडावर नेलं, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये ते गेले. एवढं ऐकल्यावर मुलांना ते नुसतं पिशव्यांवर छापलेलं डिझाइन वाटत नाही. मग त्यांना आपल्याच रोजच्या गोष्टी त्या माणसांच्या पद्धतीनं काढायला सांगा: रिक्षाची रांग, लोकलचा दरवाजा, गच्चीवर वाळत घातलेले पापड.

सामान फार नाही. तपकिरी कागद किंवा खोक्याचा पुठ्ठा, पांढरा पोस्टर रंग आणि ब्रशऐवजी टोक चेचलेली बारीक काडी. घरी करायचं तर तांदूळ भिजवून बारीक वाटायचे आणि त्यात थोडा डिंकाचा चिकटा घालायचा, नाहीतर सुकल्यावर पीठ झडतं.

आणि एक जोडणी आहे जी मला सगळ्यात आवडते. पणतीची माती मुळातच गेरूच्या रंगाची असते. त्यावर पांढऱ्यानं वारली काढली तर अस्तराचा पांढरा हात नको, दुसरे रंग नकोत आणि निम्मी तयारी वाचते. फक्त पणतीची बाजू वक्र असल्यामुळे रेष धरायला हात थोडा स्थिर हवा.

आकाशकंदील

इथे मी जरा कडक आहे. बांबूच्या कामट्यांचा पारंपरिक कंदील हे लहान मुलाचं काम नाही. कामट्या तासणं, दोऱ्यानं कोपरे आवळणं, चौकोन आणि त्रिकोण एका मापाचे राखणं, यात नव्वद टक्के हात बाबांचा किंवा काकांचा असतो आणि मूल डिंकाची वाटी धरून उभं असतं. बाबांना हौस असेल तर जरूर करावं, पण मग तो बाबांचा उद्योग म्हणावा.

मुलाचा वाटा वाढवायचा असेल तर बाजारातून तयार सांगाडा आणा आणि कागद लावणं, झालर कातरणं, शेपट्या चिकटवणं त्याच्याकडे द्या. घोटीव कागदाला खळ पातळ झाली की तो ओला होऊन फाटतो, म्हणून खळ घट्ट शिजवायची आणि कामटीला लावायची, कागदाला नाही. त्याहून सोपा मार्ग म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. त्यांच्या जाड पट्ट्या कापून वर-खाली कड्यांना चिकटवल्या की फुगीर कंदील होतो आणि दहा वर्षांचं मूल तो एकट्यानं करू शकतं. आत एलईडी दिवाच लावा. जुना तारेचा पिवळा बल्ब तापतो आणि कागद जवळच असतो. वायर आणि होल्डर मोठ्यांनीच बघायचा.

किल्ला

किल्ल्याची बाकीच्यांशी खरं तर तुलना होत नाही. बाकी सगळं तासाभराचं, हा चार-पाच दिवसांचा. बाकी सगळं टेबलावरचं, याला जमीन लागते. आणि एकट्यानं करण्यात मजा नाही. चार वर्षांचं पोर माती कालवतं, सातवीतलं बुरूज रचतं आणि आठवीतलं सगळ्यांवर ओरडतं. मुलाच्या हातून किती काम होतं, या माझ्या प्रश्नाला सगळ्यात भरघोस उत्तर इथेच मिळतं, कारण मोठ्यांना त्यात कोणी घेतच नाही.

विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर पुन्हा माती. गोणपाटामुळे डोंगराला कडे येतात आणि माती घसरत नाही. हळीव किंवा मोहरी पहिल्याच दिवशी पेरून रोज पाणी शिंपडलं तर लक्ष्मीपूजनापर्यंत उतारावर हिरवळ येते. ती शेवटच्या दिवशी पेरणारे दरवर्षी असतातच. रंगकामही यात भरपूर आहे: तटाला गेरू, वाटांना रंगवलेला भुसा, शाडूचे मावळे करून वाळल्यावर फेटे रंगवणं.

मनातला कुठलातरी गड बांधण्याऐवजी एक खरा गड निवडावा, असं मी सुचवेन. राजगड त्यासाठी उत्तम. मधे उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या. आकार इतका स्पष्ट आहे की मुलं कागदावर नकाशा काढून कामाला लागतात. मालवणजवळचा सिंधुदुर्ग करायचा तर भोवती पाणी हवं, आणि पाणी म्हटलं की पोरं दुप्पट खूश. बाजारात मिळणारे तयार प्लॅस्टरचे किल्ले मात्र मला पटत नाहीत. ते विकत आणून ठेवायचे, मग उद्योग कसला?

अडचण जागेची. सोसायटीच्या आवारात आधी विचारून घ्या, गच्चीवर करायचा तर पाणी जिरण्याची तक्रार येणार हे धरून चाला. दोन खोल्यांच्या घरात जुनी प्लायची फळी किंवा मोठी परात घेऊन बाल्कनीतला छोटा गड होतो. दिवाळीनंतर माती कुंड्यांत जाते.

रंग कुठले आणायचे

पसाऱ्याचा प्रश्न रंगावरच ठरतो. पोस्टर रंग पाण्यानं निघतात, कपड्यावरचेही बऱ्याच अंशी. पण पणतीवर ओला हात लागला की तेही निघतात. ॲक्रिलिक सुकल्यावर पक्कं बसतं, पणतीवर आणि नव्या फ्रॉकवर सारखंच. म्हणून ठसे आणि वारलीला पोस्टर, पणत्यांना ॲक्रिलिक आणि अंगात बाबांचा जुना शर्ट. सगळं तोंडात घालणारं पिल्लू सोबत असेल तर हळद, बीट, पालकाचा रस पुरे. ते रंग फिके पडतात, पण त्या वयात चित्र जपून ठेवायची घाई मुलापेक्षा आपल्यालाच असते.

मग निवडायचं काय?

एकच दुपार हातात आहे आणि मूल शाळेत नुकतं जायला लागलंय, तर ठसे. पहिली ते चौथीतलं मूल आणि दोन मोकळ्या संध्याकाळी, तर पणत्या. चित्राचा न्यूनगंड असलेलं किंवा एकट्यानं शांत बसणारं मूल, तर वारली. शेजारी मुलांची टोळी आणि हातभर जमीन असेल, तर किल्लाच, मग बाकी काही आणू नका. कंदील त्या घरांसाठी, जिथे मोठ्या माणसाला सुट्टी आहे आणि हौसही.

वेगवेगळ्या वयाची दोन भावंडं असतील तर दोन वेगळे उद्योग देऊ नका, भांडण ठरलेलं. पणत्याच द्या: धाकटीला पांढरा हात मारलेल्या आणि कापसाची काडी, थोरल्याला कोऱ्या मातीच्या आणि वारली. फक्त पणत्या वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी आणा. भिजवायला रात्र, वाळायला एक-दोन दिवस, अस्तराला एक, आणि ऑक्टोबरात अवचित पाऊस आला तर आणखी एखादा दिवस हाताशी हवाच.