यूमिक-१: कानासाठी घेतलेला मायक्रोमीटर

बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मी एकवीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. जॉब, म्हणजे तपासायचा सुटा भाग, हातात आला की आधी मायक्रोमीटरचा (जाडी मापायच्या उपकरणाचा) झिरो एरर बघायचा, मग जॉब. एवढी सवय असूनही गाडीतल्या आवाजाच्या बाबतीत दोन वर्षं नुसत्या कानावर विसंबलो. रोज इक्वलायझरचा, म्हणजे ईक्यूचा, एखादा बँड (स्वरांचा पट्टा) वर, एखादा खाली. सकाळी बरं वाटलेलं संध्याकाळी कर्कश वाटायचं. कान लबाड असतो. काहीही ऐकवा, दहा मिनिटांत त्याला तेच बरोबर वाटायला लागतं.

गाडी स्विफ्ट. पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर, काचेजवळ ट्वीटर, डिकीत दहा इंची सबवूफर आणि सीटखाली डीएसपी, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगवेगळा जुळवायची पेटी. बसवलं ते शहरातल्याच एका दुकानात. वायरिंग चोख केलं, त्याबद्दल तक्रार नाही. ट्यूनिंग मात्र असं, की तिथल्या पोराने फोनवरून ढोल-ताशाचं एक गाणं लावलं, बास वर, ट्रेबल वर, मधलं सगळं खाली, आणि "बघा आता कसं वाजतंय!" म्हणून पाच मिनिटांत मोकळा झाला. मिरवणुकीला ते चालेल. मला गाडीत ऐकायची असते पेटी, तबला आणि माणसाचा गळा. त्या सेटिंगवर डग्गा पुढच्या सीटवर आणि गायक बाहेरच्या पडवीत.

म्हणून मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ हा मापनाचा माइक मागवला. हाँगकाँगहून आला, ड्यूटी धरून बारा हजारांच्या आसपास पडला. घरात आकडा सांगितला नाही. बोटाएवढा जाड, यूएसबीने थेट लॅपटॉपला लागतो, वेगळं साउंड कार्ड लागत नाही. मला भावलं ते हे, की प्रत्येक माइकला स्वतःचा सिरियल नंबर असतो आणि तो कंपनीच्या साइटवर टाकला की त्याच माइकची कॅलिब्रेशन फाइल मिळते. म्हणजे आमच्या गेजला सर्टिफिकेट असतं तसंच. फाइली दोन असतात: माइक सरळ स्पीकरकडे रोखला तर एक, छताकडे उभा धरला तर ९० अंशांची दुसरी. गाडीत आवाज चारी बाजूंनी येतो, म्हणून छताकडे धरून दुसरी वापरायची.

माइक घेण्याआधी भाच्याने फोनवरच्या फुकट ॲपने मापून दाखवलं होतं. त्याचा फोन आणि माझा फोन यांच्यात बासमध्ये सहा डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) फरक! फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला, त्याच्याकडून चाळीस हर्ट्झच्या खर्जाची अपेक्षा करणं म्हणजे फूटपट्टीने सिलिंडरचा बोअर मापणं.

सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड. जॉन मुल्काही यांनी बनवलेलं, फुकट मिळतं. सुरुवातीला स्क्रीन बघून घाबरायला होतं, पण त्यातल्या दोनच खिडक्या मला लागल्या.

आता मापायचं कुठे? आम्ही वडगावात राहतो, शेजारी माग चालतात. त्या खडखडाटात काय मापणार! रात्री नवानंतर भाच्याला घेऊन येळ्ळूरकडे गेलो आणि राजहंसगडाच्या पायथ्याला गाडी लावली. इंजिन बंद, एसी बंद. अजून काही वाजवलंच नव्हतं, तरी आलेखावर साडेचार हजार हर्ट्झजवळ एक टेंगूळ. म्हटलं ॲम्प्लिफायर शीळ घालतोय. ॲम्प बंद केला, टेंगूळ तिथेच. ग्राउंडची वायर शोधायला मी अर्धा सीटखाली शिरलो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, काच उघडी आहे. रातकिडे आहेत ते." काच चढवली, टेंगूळ गेलं. माइक चांगला आहे, एवढं त्यावरून कळलं.

मापायला पिंक नॉइज लावतात, म्हणजे पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज. माइक डोक्याच्या जागेभोवती हळूहळू फिरवत राहायचं आणि सॉफ्टवेअर सरासरी काढत जातं. एकाच जागी धरला तर चार बोटं सरकल्यावर आलेखावरची रेघ बदलते. रस्त्याने जाणारा एक शेतकरी मोटारसायकल थांबवून म्हणाला, "काय पाव्हणं, रेडिओ लागंना झालाय काय?" हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

पहिली चूक माझ्या धंद्याने केली. ड्रॉइंगवर रेघ सरळ असते, म्हणून मीही सगळे बँड ओढून रेघ वीस हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंत सरळ केली. गाणं लावलं तर गाडी पितळी डब्यासारखी वाजायला लागली. गाडीत रेघ उतरती हवी: खाली बास हजार हर्ट्झच्या मानाने आठ-नऊ डीबी वर, तिथून वर हळूहळू उतार. गाडी धावताना टायर आणि रस्त्याची घरघर खालचेच स्वर खाते, त्यामुळे तो जास्तीचा बास जास्तीचा राहत नाही. पन्नास हर्ट्झला मात्र माझ्याकडे तब्बल दहा डीबीचा डोंगर होता. तो एका फिल्टरने कापला, आणि डग्गा पुन्हा डग्गा झाला.

पण माइकचे पैसे वसूल झाले ते एका खड्ड्यापाशी. दोन्ही दारं एकदम वाजवली की २८५ हर्ट्झच्या आसपास आवाज खोल बसायचा. पुरुषी गळ्याचा भरणा नेमका तिथलाच. ईक्यूने तिथे सहा डीबी चढवले. खड्डा जिथल्या तिथे. एकेकट्या दारात वाजवून मापलं तर दोन्हीकडे खड्डा नाहीच! मग टेप घेऊन बसलो. माझ्या कानापासून उजवं दार ८० सेंटिमीटर, डावं १४०. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ६० सेंटिमीटरला पावणेदोन मिलिसेकंद. २८५ हर्ट्झच्या लाटेची अर्धी लांबीही साधारण ६० सेंटिमीटरच भरते, म्हणून एका दाराची लाट चढताना दुसऱ्याची उतरते आणि दोघी एकमेकींना खातात. कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, असलं तर वरून कितीही घासा, भोक राहणारच. दोष ओतण्यातच असतो. ईक्यू हे घासणं. डीएसपीत उजव्या दाराला १.७५ मिलिसेकंद थांबवलं, चढवलेले सहा डीबी काढून टाकले आणि पुन्हा मापलं. खड्डा भरला होता. गायक पडवीतून उठून बोनेटच्या मधोमध येऊन बसला.

हे आधी कोणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. दुकानातल्या पोराला दोष देत नाही, त्याला कोणी शिकवलेलं नाही आणि गिऱ्हाईकही पाच मिनिटांतच खूश होतं.

उणिवा सांगतो. सोबत येणारा छोटा स्टँड गाडीत बिनकामाचा, सीटवर कलंडतो. मी माइक हातातच धरतो. दुसरं, यूएसबी माइक असल्याने आवाज निघाला कधी आणि पोचला कधी हे थेट मोजता येत नाही, कारण माइकचं घड्याळ वेगळं, स्पीकरला सिग्नल देणाऱ्याचं वेगळं. आरईडब्ल्यूत त्यावर उपाय आहे: एका स्पीकरमधून इशाऱ्याचा आवाज सोडून बाकीच्यांचा उशीर त्याच्याशी ताडायचा. समजायला मला एक अख्खा रविवार गेला. आणि ज्यांच्याकडे डीएसपी नाही, फक्त गाडीसोबत आलेला बास-ट्रेबल आहे, त्यांनी हा माइक घेऊ नये. रोग कळेल, औषध नसेल.

शेवटची तपासणी मी कानानेच करतो, पण ओळखीच्या आवाजावर. आमच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व लावतो. तानपुऱ्याची जवारी झिणझिणीत ऐकू येते का, बस्स. नुसता ट्रेबल वाढवला तर ती जवारी राहत नाही, वाळू चाळल्यासारखी खरखर होते. जुन्या ध्वनिमुद्रणात मुळात बासच कमी. तिथे कोणताही ईक्यू नवीन काही आणून देत नाही, हेही मान्य करून टाकलंय.

परवा निपाणीला बहिणीकडे निघालो. हत्तरगीच्या टोलपर्यंत मी मजेत. तवंदी घाट लागला तेव्हा बायको म्हणाली, "गाणं सगळं माझ्याच दारातून येतंय, समोर कोण गात नाही." बरोबर होतं. उशीर माझ्या सीटच्या हिशेबाने लावलेला, डाव्या सीटवर तो उलटा पडतो. घरी आल्यावर डीएसपीत दोन नंबरचा प्रीसेट (साठवलेली सेटिंग) केला, दोन्ही सीटना अर्धाअर्धा न्याय देणारा. खड्डा थोडा परत आलाय. ती गाडीत असली की तोच लागतो.